पान्हा

गेल्या वसुबारसेची गोष्ट. दरवर्षी आमच्याकडे पितळेचे इवलेसे गाय-वासरू तांदळाच्या राशीवर ठेवून पूजा होते. सरकारी क्वार्टरच्या दुसऱ्या मजल्यावर यापेक्षा अधिक काही करणे शक्यही नसते. परंतु यंदा आमच्या चार वर्षांच्या कन्येने खरी गाय पाहण्याचा हट्ट धरला आणि घरच्या मंडळींनीही तो उचलून धरला. आपला दूधवाला आहे, त्याचा गोठा आहे, गोठ्यात गाय असेल आणि गायीजवळ वासरू असेल, असा त्यांचा सरळ हिशेब होता. संध्याकाळी बायकांना घेऊन जाण्यापूर्वी एकदा पाहून यावे म्हणून आम्ही पहाटेच निघालो. दिल्लीत गाय दुर्मिळ आहे असे नव्हे. ती चौकाचौकात पुठ्ठे चघळीत उभी असते. पण सवत्स धेनू हवी म्हटले की शोधाला निघावे लागते.

शहराच्या कडेला एका चिंचोळ्या गल्लीत तो गोठा होता. तीसचाळीस जनावरे, बहुतेक म्हशी, चार-पाच गायी. सर्वांची तोंडे भिंतीकडे, आखूड दाव्यांनी जखडलेली. पायांखाली शेणमुताचा चिखल. धारांची वेळ होती. एक पोऱ्या लेबल नसलेली प्लॅस्टिकची बाटली आणि एक पिचकारी घेऊन या टोकापासून त्या टोकापर्यंत चालला होता, आणि पोस्टमनने घरोघर पत्रे टाकीत जावे तितक्याच निर्विकारपणे प्रत्येक जनावराला सुई टोचीत होता. सुई तीच, जनावर पुढचे. तो पुढे सरकला की दुसरा माणूस बादली घेऊन बसे आणि मिनिटाभरात धारांचा आवाज सुरू होई. कासेला पाणी लावणे नाही, पाठीवरून हात फिरवणे नाही, आंबोणाची पाटी पुढे सारणे नाही. आणि संबंध गोठ्यात एकही वासरू नव्हते, एकही रेडकू नव्हते.

आम्ही विचारले तेव्हा दूधवाल्याने हसून सांगितले, "बछडा कहाँ से होगा, बाबूजी? वो तो सारा दूध पी जाता." मग वासरावाचून जनावर पान्हा कसा सोडते, असे आम्ही विचारल्यावर त्याने त्या बाटलीकडे हनुवटीने खूण केली. त्यात लपवण्यासारखे काही आहे असे त्याच्या चेहऱ्यावर मुळीच नव्हते. उलट, बाबूलोकांना एवढेही ठाऊक नसावे याचे त्याला नवल वाटलेले दिसले.

त्या बाटलीत जे असते त्याचे नाव ऑक्सिटोसिन. ते काही परके विष नव्हे. गायीच्या, म्हशीच्या आणि आपल्याही मेंदूत ते तयार होते आणि मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीच्या मागच्या भागात साठून राहते. हेन्री डेल या इंग्रज शास्त्रज्ञाला १९०६ मध्ये असे आढळले की, या ग्रंथीच्या अर्काने गाभण मांजरीचे गर्भाशय आकुंचन पावते. पुढे चार-पाच वर्षांतच त्याच अर्काने बकरीच्या कासेतून दूध वाहू लागते हेही दिसून आले. ऑक्सिटोसिन या शब्दाचा ग्रीक अर्थ शीघ्र प्रसूती असा आहे. अवघ्या नऊ अमिनो आम्लांची ही साखळी व्हिन्सेंट द्यू व्हिन्यो यांनी १९५३ मध्ये प्रयोगशाळेत जोडून दाखवली आणि त्यांना १९५५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. निसर्गाने थेंबाथेंबाने मोजून दिलेली वस्तू बाटलीत भरून विकता येऊ लागली, ती तेव्हापासून.

पान्हा ही क्रिया जरा नीट समजून घेण्याजोगी आहे. गायीच्या कासेत दूध पिशवीत पाणी असावे तसे नसते. त्याचा सुमारे ऐंशी टक्के भाग अतिसूक्ष्म कोशिकांत अडकलेला असतो. म्हशीत तर जवळजवळ सगळाच. सड कितीही पिळले तरी तो आपोआप खाली येत नाही. वासरू ढुशी मारते, सड चोखते. तो स्पर्श मज्जातंतूंतून मेंदूपर्यंत पोचतो. मेंदू ऑक्सिटोसिन रक्तात सोडतो. रक्तातून ते कासेत येते, कोशिकांभोवतीचे बारीक स्नायू आवळतात आणि दूध सडांत उतरते. हे सारे मिनिटा-दोन मिनिटांत घडते आणि काही मिनिटांतच ओसरतेही. म्हणजे पान्हा हा एक प्रश्न आणि त्याचे उत्तर आहे. प्रश्न वासराचा, उत्तर आईचे. ओळखीच्या माणसाचा हात, रोजची वेळ, चरवीचा आवाज यांनीही सरावाने तेच उत्तर मिळते. आणि ते नाकारलेही जाते. एली आणि पीटरसन या अमेरिकन संशोधकांनी १९४१ मध्ये एक विलक्षण प्रयोग प्रसिद्ध केला. धार काढण्याआधी त्यांनी गायीच्या पाठीवर मांजर बसवले आणि तिच्याजवळ कागदी पिशव्या फोडून आवाज केले. गाय घाबरली आणि दूध आले नाही. भीतीच्या क्षणी शरीरात उसळणारे अॅड्रेनॅलिन हे पान्ह्याचे वैरी आहे. भ्यालेली आई दूध देत नाही. देऊ शकत नाही.

आमच्या आजोळी, सातारा जिल्ह्यातल्या एका खेड्यात, हे शास्त्र कोणाला ठाऊक नव्हते, पण त्याचे पालन मात्र कसोशीने होई. आजी धार काढायला बसली की आम्हां पोरांना गोठ्यात बोलण्याची बंदी असे. वासरू सोडायचे, त्याने चार घोट प्यायचे, पान्हा फुटला की त्याला ओढून गायीच्या तोंडापुढे बांधायचे आणि मग धार काढायची. एक सड वासरासाठी राखलेला. आजी आजारी पडली त्या आठवड्यात मामी धारेला बसल्या, तर गायीने पान्हा चोरला. हा शब्दप्रयोग आम्ही तेव्हा प्रथम ऐकला. पान्हा चोरणे! आपल्या भाषेत गाय स्वतःचे दूध स्वतःच्या वासरासाठी राखून ठेवते त्याला चोरी म्हणतात. ज्या भाषेने वत्सावरून वात्सल्य हा शब्द घेतला, ज्या भाषेतल्या संतांना देवाचे भक्तावरचे प्रेम सांगायला गाय-वासराहून जवळचा दृष्टांत सापडला नाही, तिनेच हाही शब्द घडवला. दोन्ही शब्द एकाच गोठ्यातले. मात्र त्या शब्दात एक कबुली आहे, असे आता आम्हांला वाटते. जी चोरू शकते तिच्या हाती काहीतरी आहे, ती नाही म्हणू शकते, हे त्या शब्दाने मान्य केलेले असते.

त्या पहाटे घरी परतताना आमच्या मनात पहिला प्रश्न कोणता आला, हे सांगण्यास संकोच वाटतो. आम्ही गायीचा विचार केला नाही. हे दूध आपल्या मुलीला गेली तीन वर्षे आपण पाजतो आहोत, तिला याचा काही अपाय तर होणार नाही ना, हा तो प्रश्न होता. कचेरीत पोचल्यावर तासभर त्याचाच शोध घेतला. मुली लवकर वयात येतात त्याचे कारण हेच दूध, असे छातीठोकपणे सांगणारे आमच्या विभागातही दोघेतिघे निघाले. वस्तुस्थिती इतकी भयंकर नाही. ऑक्सिटोसिन हा प्रथिनाचाच एक तुकडा आहे. पोटात गेला की इतर प्रथिनांप्रमाणे तो पचून जातो आणि म्हणूनच ते औषध तोंडाने न देता टोचून द्यावे लागते. हे वाचले आणि आम्हांला हायसे वाटले. इतके की, आता प्रश्न मिटला असे समजून आम्ही समोरची फाइल उघडली.

ती फाइल उघडतानाच काहीतरी खटकले. प्रश्न मिटला होता तो आमचा. ज्या जनावराला सुई टोचली गेली त्याचा प्रश्न आम्ही विचारलाच नव्हता. आणि हे केवळ आमचे वैगुण्य नव्हे. या विषयावर जे जे लिहिले-बोलले जाते त्यातला बहुतेक भाग, दूध पिणाऱ्याला काय होते, याच चिंतेने व्यापलेला आहे. याला एक ठळक अपवाद सापडतो. गायीचे दूध वाढवणारे दुसरे एक संप्रेरक, कृत्रिम रीतीने तयार केलेले वाढ-संप्रेरक, अमेरिकेने १९९३ मध्ये मान्य केले. कॅनडाच्या आरोग्य खात्याने १९९९ मध्ये ते नाकारले. आणि नाकारताना कारण दिले ते माणसांच्या आरोग्याचे नव्हे, तर गायींच्या. कासेचा दाह, लंगडेपणा, वांझपणा यांचा धोका वाढतो, एवढे कारण त्यांना पुरेसे वाटले. सरकारी कागदावर असे कारण पुरेसे ठरलेले पाहून, आयुष्य टिपण्या लिहिण्यात घालवणाऱ्या आमच्यासारख्याला आनंद होतो.

आपल्याकडे कायदा नाही असे मात्र कोणी समजू नये. १९६० च्या प्राण्यांवरील क्रूरता प्रतिबंधक अधिनियमाचे बारावे कलम आम्ही त्याच दिवशी काढून वाचले. पूर्वी गायीच्या योनीत नळीने हवा फुंकून तिला पान्हा सोडायला भाग पाडीत; त्याला फुका म्हणत. हे कलम मुळात त्यासाठी आहे. १९८२ च्या दुरुस्तीने त्यात कोणताही पदार्थ टोचण्याचा समावेश झाला. शिक्षा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. शिवाय जनावर सरकारजमा. (चाळीस म्हशी सरकारजमा झाल्या तर त्यांची नोंद कोणत्या रजिस्टरात करावी, असा विचार मनात आल्यावाचून राहिला नाही. सवयीचा दोष!) एप्रिल २०१८ मध्ये केंद्र सरकारने अधिसूचना काढून खाजगी कंपन्यांना देशातील वापरासाठी ऑक्सिटोसिन तयार करण्यास बंदी केली. डिसेंबर २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती अधिसूचना रद्द ठरवली आणि प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले. त्यानंतर मे २०२४ मध्ये त्याच उच्च न्यायालयाने दिल्लीतील दुग्धवसाहतींची दर आठवड्याला तपासणी करून या टोचणीबद्दल गुन्हे नोंदवावेत असा आदेश दिला.

उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निर्णयाकडे गोप्रेमी मंडळींनी रागाने पाहिले. आम्हांला तसे पाहता येत नाही. आमच्या कन्येचा जन्म याच शहरातल्या एका रुग्णालयात झाला. बाळ बाहेर आले, पण रक्तस्राव थांबेना. पाऊण तास आम्ही बाहेरच्या बाकावर बसून होतो. तो पाऊण तास आम्ही पुन्हा कधी आठवू इच्छीत नाही. नंतर डॉक्टरीणबाई बाहेर आल्या आणि त्यांनी सांगितले की औषधाने गर्भाशय आकुंचन पावले, आता भीती नाही. कोणते औषध, हे तेव्हा आम्ही विचारले नाही. घरी आल्यावर कागदांत पाहिले. ते हेच होते. बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावावर जगभर प्रथम दिले जाते ते औषध हेच, आणि ते वेळेवर मिळाले नाही तर बाया मरतात. पुरवठा आटेल ही न्यायालयाची भीती पोकळ नव्हती. आमच्या घरात आज जो दिवा लागतो त्यात त्या बाटलीचा वाटा आहे.

मग गोठ्यातल्या बाटलीने आम्हांला अस्वस्थ का करावे? पदार्थ एक, काम एक. आमचे एक वडीलधारे स्नेही आहेत. महालेखापालांच्या कचेरीत त्यांची हयात गेली. त्यांच्यापुढे हा पेच मांडला तेव्हा ते म्हणाले, "अहो, तुमच्या आजीने तरी काय केले? वासराला चार घोट पाजून बाजूला ओढले, ही फसवणूकच ना? आणि वासरू मेले तर त्याच्या कातड्यात पेंढा भरून ते गायीपुढे उभे करीत, ते काय होते? तुमची आजी वासराकडून काम करून घेई, हा सुईकडून करून घेतो. तुम्हांला सुई दिसते म्हणून वाईट वाटते, इतकेच. सुईचे दुःख म्हणाल तर ते क्षणाचे आहे."

लेखापरीक्षकाने काढलेला आक्षेप सहजी निकालात निघत नाही हा आमचा अनुभव आहे. फसवणूक होतीच. पेंढा भरलेले वासरू चाटणारी गाय ज्याने पाहिली असेल त्याने आजोळच्या गोठ्याचे फार गोडवे गाऊ नयेत. आणि दुःखाच्याच मापाने मोजायचे तर त्या गायीचे दुःख सुईपेक्षा अधिक नसेलच असे कोण म्हणेल? अपायाची गोष्ट वेगळी, आणि अपाय आहेच: रोज बाहेरून ऑक्सिटोसिन मिळालेल्या गायींची कास ते थांबवल्यावर नीट रिकामी होत नाही, असे प्रयोगांत दिसून आले आहे. आतल्या हाकेला ओ देण्याची सवय मोडते, मग सुईवाचून चालत नाही. परंतु समजा उद्या कोणी निर्धोक सुई काढली, दुखणार नाही, सवय लागणार नाही, तर आमची तक्रार संपेल काय? कलम बाराची कदाचित संपेल, कारण जनावराच्या आरोग्यास घातक असेल तरच ते लागू पडते. आमची संपत नाही, आणि ती का संपत नाही याचा विचार करताना आम्हांला आजीचा हात आठवतो.

आजी फार प्रेमळ होती असे नाही. ती सुनांना बोले, गड्यांना बोले, आम्हांला तर पाठीत धपाटेही घाली. पण गोठ्यात शिरताना तिला तो सगळा आवेश बाहेर ठेवावा लागे. राग आला असला तरी हात हलका ठेवावा लागे, आवाज खाली आणावा लागे, वासराला त्याचा सड द्यावा लागे. नाहीतर चरवी रिकामी राही. गाय दुबळी होती, दाव्याने बांधलेली होती, पण या एका बाबतीत माणसाला तिची मर्जी सांभाळणे भाग होते. हजारो वर्षे माणसाने दुभत्या जनावराला जे काही गोंजारले त्यातले किती भूतदयेपोटी आणि किती या अटीपोटी, हे सांगणे कठीण आहे. आम्हांला वाटते, बरेचसे अटीपोटी. त्या बाटलीने ती अटच काढून टाकली. गायीचे नाही चालेनासे झाले. आता गोठ्यात ओरडले तरी दूध येते, मारले तरी येते, वासरू मेले तरी येते. किंबहुना म्हणूनच वासराला जगवण्याचे कारण उरत नाही. पोऱ्याच्या चेहऱ्यावर जो निर्विकारपणा आम्ही पाहिला तो त्याच्या स्वभावाचा नसेल. त्या गोठ्यात दुसऱ्या कोणत्याही भावनेची गरजच राहिलेली नव्हती.

आणि रुग्णालयातल्या बाटलीचा भेद आम्हांला इथेच दिसतो. तिथे एका शरीराला जे हवे होते आणि साधत नव्हते, ते त्या औषधाने साधून दिले. रक्त थांबावे, बाळाजवळ जगावे, हीच त्या शरीराची स्वतःची धडपड होती. गोठ्यात त्याच औषधाने एका शरीराला त्याच्या विरुद्ध वापरले. स्नेह्यांना हे सांगितले तेव्हा त्यांनी बराच वेळ सुपारी कातरली आणि मग विचारले, "आणि हे सगळे कळल्यावर तुम्ही दूध बंद केलेत?"

याचे उत्तर देताना गांधीजींची आठवण होते. कलकत्त्याच्या गोठ्यांतल्या छळाची हकिगत वाचून १९१२ मध्ये त्यांनी दूध सोडले. पुढे मरणोन्मुख आजारात कस्तुरबांनी सुचवले की व्रत गायी-म्हशीच्या दुधाचे आहे, शेळीच्या नव्हे. आणि त्यांनी शेळीचे दूध घेतले. व्रताचे अक्षर राहिले, आत्मा गेला, हे त्यांनी आत्मकथेत स्वतःच कबूल केले आहे. महात्म्याला जिथे वाट सापडली नाही तिथे वरिष्ठ श्रेणी लिपिकाला सापडावी ही अपेक्षा मोठी आहे. आम्ही पिशवीचे दूध सुरू केले. त्या पिशवीमागे कोणता गोठा आहे, तिथले वासरू कुठे आहे, हे आम्ही पाहिलेले नाही, आणि न पाहिल्यामुळेच ती पिशवी आम्हांला सोयीची वाटते हेही आम्हांला समजते. चहा मात्र सुटलेला नाही.

वसुबारसेला पूजा पितळेच्याच गायीची झाली. खरी गाय का नाही, असे कन्येने विचारल्यावर तिच्या आईने, वासरू गावाला गेले आहे, असे सांगितले. तो दिवस आमच्याकडे दूध वर्ज्य असल्याने पहाटे आणलेले लिटरभर दूध फ्रिजमध्येच राहिले आणि दुसऱ्या दिवशी त्याचे दही लावले.

महिनाअखेरीस दूधवाला हिशेबाला आला. उद्यापासून दूध नको, असे आम्ही सांगितले. त्याने कारण विचारले. बाटलीचे नाव ओठांवर आले होते. तो काही वाईट माणूस नव्हे, आमच्या मुलीला त्याने दिवाळीत खव्याचे पेढे आणून दिले होते. आम्ही म्हणालो, डॉक्टरांनी म्हशीचे दूध मना केले आहे, तब्येतीला सोसत नाही. हे कारण त्याला तत्काळ पटले. पैसे मोजून खिशात घालीत तो म्हणाला, "तो फिर कल से गाय का ला दूँ, बाबूजी?"

आम्ही म्हणालो, विचार करून सांगतो.